‘सोड की’: चंदगडच्या कड्यावर ऐकलेला एक शब्द

आधी जे घडलं ते, घडलं त्या क्रमाने.

१. दिवाळीनंतरच्या एका शनिवार-रविवारी आम्ही आठ जण कोल्हापूरहून चंदगडच्या पुढे एका साहसी शिबिराला गेलो.

२. रविवारी सकाळी शेवटचा कार्यक्रम कडा चढण्याचा होता. रेश्मा चढत होती. खाली तिचा दोर अभिजितच्या हातात होता.

३. शिबिरात दोन शब्द ठरले होते. ‘धर’ म्हणजे दोर ताणून धरायचा. ‘सोड’ म्हणजे थोडा सैल द्यायचा.

४. खालून सुहास रेश्माची थट्टा करत होता.

५. रेश्मा वरून म्हणाली, "सोड की आता."

६. अभिजितने दोर सोडला.

७. त्याच वेळी रेश्माने दोरावर भार टाकला. ती साधारण माणसाच्या उंचीइतकी खाली आली, झोका जाऊन कड्यावर आपटली. उजवं मनगट मोडलं.

८. दोर तिथेच थांबला.

आठव्या मुद्द्याबद्दल आजवर कुणी काही बोललेलं नाही. हा लेख मुख्यतः त्यासाठी आहे. पण सहल चांगली होती, आणि तुमच्यापैकी कुणाला तिकडे जायचं असेल तर रस्ता, जेवण, खर्च हेही पुढे आहे. नावं बदलली आहेत. आम्ही आठ जण एकमेकांना ओळखूच.

आम्ही पॉलिटेक्निकचे जुने वर्गमित्र. मी एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत कास्टिंग तपासते. लोखंडात भेग आहे का, असली तर कशामुळे पडली, हे सांगणं माझं काम. रेश्मा इंजिनिअरिंग सोडून बँकेत गेली. अभिजित कुरुंदवाडचा, डिझाइनमध्ये आहे. कमी बोलतो आणि सांगितलेलं काम सांगितलं तसंच करतो. सुहासचं पेठ वडगावला ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे. सहल त्यानेच ठरवली. आमच्या सगळ्या सहली तोच ठरवतो, कारण बाकीच्यांचं ठरता ठरत नाही. तो बोलतो तेव्हा गाडीच्या काचा वर असल्या तरी बाहेर ऐकू जातं.

रस्ता सोपा आहे. हायवेने कागल, निपाणी, संकेश्वर. संकेश्वरला उजवीकडे वळून गडहिंग्लज, तिथून नेसरी, अडकूर करत चंदगड. थांबत थांबत चार तास धरा. गाडी नसेल तर कोल्हापूरहून चंदगडला एसटी आहे. स्टँडवर शिबिराची जीप घ्यायला येते, मात्र आदल्या दिवशी फोन करावा लागतो. पावसाळ्यात मी जाणार नाही, तिकडे पाऊस थांबायचं नाव घेत नाही. दिवाळीनंतर रस्त्यांतले खड्डे बऱ्यापैकी बुजवलेले असतात आणि सकाळी धुकं असतं. गडहिंग्लजच्या अलीकडे चहाला थांबलो तेव्हा टपरीवाल्याने आमच्याकडे एकदा बघितलं आणि विचारलं, "पावणं, चंदगडला काय? स्वेटर घेतलाय न्हवं?" आठातल्या तिघांनी घेतला नव्हता.

गाडीत पूर्ण वेळ एकच विषय होता. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी रेश्मा नवी स्कूटी शिकताना भेळेच्या गाडीवर गेली होती. कुणाला लागलं नाही, पण चुरमुरे रस्ताभर झाले. ही गोष्ट सुहास दर सहलीत सांगतो आणि दर वेळी चुरमुरे थोडे वाढतात. रेश्मा दर वेळी म्हणते, "सोड की."

कोल्हापूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. ‘सोड की’चा अर्थ काही सोडून देणं असा नसतो. विषय बदल, पुरे झालं, माफ केलं, गप बस, हरकत नाही, या सगळ्याला आमच्याकडे हे एकच वाक्य आहे. रागातही चालतं, लाडातही. रिक्षावाल्याशी घासाघीस फिसकटली तरी शेवटी कुणीतरी ‘सोड की’ म्हणतं. इतकं तोंडात बसलंय की आपण काय म्हणालो हे म्हणणाऱ्यालाही कळत नाही. गाडीत त्या दिवशी ते कितीदा आलं मला माहीत नाही. तेव्हा मी लक्ष देत नव्हते. देण्याचं कारणही नव्हतं.

शिबिर काजूच्या झाडांमध्ये आहे. मागे धरणाचं पाणी, पुढे पत्र्याची लांब शेड, बाजूला तंबू. माणशी सव्वादोन हजार, त्यात एक मुक्काम, सगळी जेवणं आणि सगळे खेळ आले. अंघोळीचं गरम पाणी चुलीवरचं आणि रांगेत. ते चालत नसेल तर जाऊ नका. मालकीणबाईंना सगळे कमलाक्का म्हणतात. बुकिंग त्यांच्याकडे, स्वयंपाक त्यांच्या देखरेखीखाली. दुपारी नाचणीची भाकरी, कोंबडीचा रस्सा आणि उकड्या तांदळाचा भात होता. सुहासने पिशवीतून घरच्या कांदा-लसूण चटणीचा डबा काढला. कमलाक्का वाढता वाढता थांबल्या.

"पावणं, आधी खाऊन तर बघा. मग घाला काय घालायचं ते."

त्याने खाल्लं आणि डबा पिशवीत ठेवला. आमच्या गटात हा मोठा प्रसंग समजला जातो.

दुपारी पाण्यात कयाक चालवली. वारा नसेल तर जमते, असेल तर नुसतं गोल फिरायला होतं. नंतर शेडमध्ये दोराचा सराव झाला. तो घेणारा बसवराज. सीमेवरच्या गावचा, घरी कानडी, आमच्याशी मराठी. मुलींना अक्का, मुलांना अण्णा. वय तिशीच्या आसपास. हार्नेस घालताना प्रत्येकाचा पट्टा स्वतः ओढून बघायचा आणि ओढताना काहीतरी बोलत राहायचा, म्हणजे माणूस घाबरून अंग आखडून घेत नाही.

व्यवस्था साधी आहे. दोराचं एक टोक चढणाऱ्याच्या कमरेला. तिथून दोर कड्याच्या माथ्यावरच्या कडीतून खाली येतो, खालच्या माणसाच्या कमरेला लावलेल्या अडकणीतून जातो, आणि उरलेलं शेपूट मागे पडतं. खालच्या माणसाने त्या शेपटावरचा हात सोडायचा नाही. चढणारा बोलेल तसा दोर ताणायचा किंवा सैल द्यायचा.

शब्दांची गोष्ट बसवराजने स्वतःच सांगितली. आधी तो इंग्रजी शब्द वापरायचा, सगळीकडे वापरतात तेच. सैल करण्यासाठी ‘स्लॅक’ आणि ताणण्यासाठी ‘टेक’. मग एकदा एका गटातल्या काकांना खालून कुणीतरी ‘टेक, टेक’ असं ओरडून शब्दाची आठवण करून दिली. काका मराठी माणूस. ते कड्याला पाठ लावून निवांत टेकले.

"तवापासनं इंग्रजी बंद," बसवराज म्हणाला. "धर आणि सोड. ल्हान पोराला बी कळतंय."

मला हे पटलं. आजही कारण म्हणून पटतं. आम्ही जोड्या करून सराव केला, आणि अभिजित सगळ्यांत चांगला ठरला. ‘धर’ म्हटलं की धरायचा, ‘सोड’ म्हटलं की हातभर द्यायचा. बसवराज त्याला म्हणाला, "अण्णा, तुमी नोकरी सोडा, हितं या." संध्याकाळी निखाऱ्यात भाजलेली रताळी खाल्ली. तिकडची रताळी आतून पिवळी निघतात. साल काढायची घाई करू नका, बोटं भाजतात.

रविवारी धुकं विरल्यावर कड्याकडे गेलो. काजूच्या झाडांतून पंधरा-वीस मिनिटांची पायवाट. कडा साधारण तीन मजल्यांचा. खाली पायऱ्यांसारखे टप्पे, वर कातळाचा एक बाक पुढे आलेला. तो बाक ओलांडणं हीच खरी चढण. चौघे चढून उतरले. मग रेश्मा.

कोण कुठे होतं ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. अभिजित कड्याच्या पायथ्याशी, दोर त्याच्या कमरेला. बसवराज त्याच्या दोन पावलं मागे, बाजूला, दोराचं शेपूट हातात घेऊन. त्याच्या मागे मी, हार्नेस घालून, कारण पुढचा नंबर माझा होता. सुहास अगदी पुढे, मान वर करून. बाकीचे कातळावर बसलेले. म्हणजे सुहासची बसवराजकडे पाठ होती आणि माझ्यासमोर बसवराजची पाठ.

रेश्मा बाकाखाली अडकली. तिचा डावा पाय थरथरायला लागला. चढणाऱ्या प्रत्येकाचा थरथरतो, दमल्याचं लक्षण आहे ते. सुहासने खालून विचारलं, "रेश्मे, वर बी भेळंची गाडी हाय काय?" सगळे हसले. तीही हसली, कड्याला गाल लावून. आणि हसत हसतच म्हणाली, "सोड की आता."

अभिजितचं लक्ष स्वतःच्या हातांकडे होतं. त्याने हातभर दोर सैल दिला. रेश्माला थोडं थांबून दम घ्यायचा होता, म्हणून तिने दोर ताणलेला आहे असं धरून मागे भार टाकला. ती खाली आली, झटका बसला, आणि त्या झटक्याने दचकून अभिजितचा हात उघडला. दचकल्यावर हात उघडतोच. म्हणूनच शेपूट धरायला दुसरा माणूस ठेवतात.

बसवराजने शेपटावर मूठ आवळली, दोर कमरेमागून घेतला आणि तो खाली बसला. शब्दशः बसला, दगडावर. दोर त्याच्या मुठीतून थोडा सरकला आणि थांबला. त्याच्या हातात मोजे नव्हते. हा आठवा मुद्दा.

पुढे सगळं वेगाने झालं. बसवराजने रेश्माला सावकाश खाली घेतलं, फळी लावून हात बांधला. सुहासने कुणाला न विचारता तिला पाठीवर घेतलं आणि काजूतून गाडीपर्यंत आणलं. मग गडहिंग्लजपर्यंत गाडी चालवली. इतकी सावकाश की एका एसटीने हॉर्न वाजवत आम्हाला मागे टाकलं. त्याचा आवाज पहिल्यांदाच गाडीत नव्हता. आमच्या पिशव्या घेऊन बसवराज मोटारसायकलवर मागे आला. उजव्या हाताला गमछा गुंडाळलेला होता.

दवाखान्यात एक्सरे झाला, प्लॅस्टर झालं. हाड जागेवर होतं, नुसतं चिरलं होतं. सुहास औषधं आणायला खाली गेला होता, बाकीचे चौघे गाडीपाशी होते, तेव्हा बाकावर आम्ही तिघंच होतो. अभिजित म्हणाला, "तू सोड म्हणालीस."

"तुला कुठं म्हटलं मी?" रेश्मा म्हणाली. "त्याला म्हटलं."

"कुणाला?"

"सुह्याला की. त्याला सोड म्हटलं, भेळंचं."

अभिजितने तिच्याकडे बघितलं, मग प्लॅस्टरकडे. रेश्माला हसू आलं, आणि हसल्यावर हात दुखला म्हणून ती थांबली. तो हसला नाही. "मी बरोबर ऐकलं होतं," एवढंच म्हणाला. ते खरं आहे. त्याने शब्द बरोबर ऐकला आणि शिकवलं होतं तेच केलं.

बाहेर व्हरांड्यात बसवराज बसला होता. नर्सने त्याला गमछा सोडायला लावला. तळव्याची साल गेली होती. कशाने, असं तिने विचारलं तर म्हणाला, "दोर लागला जरा." मलम लावून घेतलं, पुन्हा गमछा गुंडाळला. सुहास औषधं घेऊन वर आला तेव्हा गमछाच दिसत होता.

संध्याकाळी कोल्हापूरला पोचलो. रेश्मा आता बरी आहे. प्लॅस्टर निघालं. बँकेत डाव्या हाताने सही करून दाखवते आणि ग्राहकांना कडा होता त्याहून उंच सांगते. पण अभिजित त्या रात्रीच ग्रुपमधून बाहेर पडला. आमच्या दर रविवारच्या चहालाही येत नाही.

इथवर सगळं मला माहीत होतं. पुढचं गेल्या आठवड्यात कळलं. माझा टॉर्च शिबिरात राहिला होता, म्हणून मी कमलाक्कांना फोन केला. टॉर्च सापडला होता. मग मी बसवराजच्या हाताची चौकशी केली. त्या म्हणाल्या, हात बरा आहे, पण दोराचं काम त्याच्याकडे नाही आता. सहलीच्या दिवसांत शाळावाले फोन करतात ते आधी नेटवरचा आमच्या गटाचा अभिप्राय वाचून दाखवतात. मुलांची जबाबदारी असते, त्यांचंही बरोबरच. बेळगावहून दुसरा माणूस बोलावायचा विचार आहे. "मी तरी काय करू, ताई," त्या म्हणाल्या. "त्यानं शिकवलेली माणसं गोव्याला काम करत्यात. पर लिवलंय ते लिवलंय."

मी अभिप्राय उघडून वाचला. सुहासने त्याच संध्याकाळी लिहिला होता. जेवण उत्तम, जागा सुंदर. आणि मग: ‘प्रशिक्षकाचं लक्ष नव्हतं. दोर नवख्याच्या हातात देऊन बाजूला उभा होता.’

मी कमलाक्कांना पुन्हा फोन केला आणि बसवराजला द्यायला सांगितलं.

"अक्का, दोर न्हाय आता," तो म्हणाला. "रताळी हायत. रताळं पडलं तर कोण लिवत न्हाय."

मग आम्ही बराच वेळ शब्दांवर बोललो. त्याची एक चूक होती आणि ती मी त्याला सांगितली. आणीबाणीचा शब्द असा हवा जो एरवी कुणाच्या तोंडात येणार नाही. ‘सोड’ कोल्हापुरात बाद. तो म्हणाला, "मग खेच?" मी म्हटलं, आमच्याकडे थट्टा करणाऱ्याला ‘खेचू नको’ म्हणतात, तेही बाद. ‘ताण’ म्हटलं तर कुणीतरी ‘ताण घेऊ नको’ म्हणणार. तांबडा आणि पांढरा ठेवू या, असंही तो म्हणाला आणि त्यानेच ते रद्द केलं, कोल्हापूरचं माणूस कड्यावर लटकून पण तांबडा रस्सा मागंल म्हणून. शेवटी सैल करायला ‘ढील’ आणि ताणायला ‘गच्च’ ठरलं. मी शंका काढली की भरपूर जेवून चढलेला माणूस ‘पोट गच्च झालंय’ म्हणेल.

"मग जेवायच्या आधी चढवायचं," बसवराज म्हणाला. आणि पुढे, "चढवायला मिळालं तर."

कास्टिंग तडकलं की आमच्याकडे दोन रकाने असतात. एक, रचना चुकली; दुसरा, काम चुकलं. दोन्हींत भेग सारखीच दिसते, म्हणून घाईत माणसं चुकीचा रकाना भरतात, आणि मग ज्याचं काम बरोबर होतं तो घरी बसतो. बसवराजने शब्द निवडताना चूक केली. लक्ष नसण्याची चूक केली नाही. लक्ष होतं म्हणून दोर थांबला. मी त्याच्या मागे उभी होते, मला दिसलं. सुहास, तुझी पाठ होती, तुला दिसणं शक्य नव्हतं.

घरी परतल्यावर काय उरलं, हे अशा लेखाच्या शेवटी लिहायचं असतं. रताळ्यांची चव उरली. धुक्यातलं पाणी उरलं. आणि एक सवय लागली आहे. फाउंड्रीत कुणी ‘सोड की’ म्हणालं की मी आधी बघते, आसपास कुणाच्या हातात काही आहे का. क्रेनवाल्याला एकदा सांगूनही ठेवलं. तो हसला, पण ऐकलं त्याने. तुम्ही तिकडे जरूर जा, स्वेटर न्या, आणि दोर लावण्याआधी शब्द विचारून घ्या.

आता सुहास. तू हा ब्लॉग वाचतोस. पहिली कमेंट तुझीच असते आणि ती जेवणावर असते. हे छापायच्या आधी मी रेश्माला आणि अभिजितला दाखवलं. दोघांची हरकत नाही. अभिजितने तर सहावा मुद्दा आणखी स्पष्ट लिही म्हणून सांगितलं, मी तो आहे तसाच ठेवला. तू ते वाक्य का लिहिलंस, हे मला वाटतं मला कळतं. बसवराजचं नाव पुढे केलं की अभिजितचं येत नाही. रेश्माला पाठीवर आणणाऱ्या माणसाने त्या संध्याकाळी दुसरं काय लिहायचं. पण अभिजितला त्याने बरं वाटलेलं नाही. त्याच्यावर येऊ नये म्हणून बसवराज रताळी सोलतोय, हे त्याला आता कळलं आहे. आणि भेळेच्या गाडीबद्दल तुला कुणी काही म्हणत नाही. रेश्मा तर अजिबात नाही. ती म्हणते, पुढच्या सहलीत चुरमुरे किती झाले ते ऐकायचंय.

शाळांशी बोलणी पक्की करायला कमलाक्का सोमवारी बसणार आहेत. मला एवढंच हवंय की ते एक वाक्य तू बदलावंस. काय घडलं ते वर क्रमाने आहे, काही चुकलं असेल तर दुरुस्त कर. बदलणार असशील तर तसं सांग, नसशील तर तसं सांग. रविवारच्या चहाला मी अभिजितला घेऊन येते आहे, तो यायला तयार झाला आहे, तेव्हा समोर बसूनही बोलता येईल. पण उत्तर त्याआधी हवं. फोन कर, कमेंट कर, ‘सोड की’ सोडून काहीही चालेल. शनिवारी संध्याकाळपर्यंत कळव.